ध्रुपदानंतरची ओळ

सोनगीरच्या आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत नववर्षाच्या पहिल्या रविवारी समर्पणाची उपासना होत असे. त्या दिवशी पाळकसाहेब प्रभूच्या मेजापुढे उभे राहून काही प्रश्न विचारीत आणि सर्व मंडळी उभी राहून एका आवाजात उत्तर देई. प्रश्न दरवर्षी तेच असत. शेवटचा प्रश्न असा होता, की येत्या वर्षात जे वाट्याला येईल, ते गोड असो वा कडू, प्रभूच्या हातून आलेले म्हणून स्वीकाराल काय. त्यावर आम्ही म्हणत असू, "होय, प्रभूच्या साहाय्याने." मग प्रभुभोजनाची भाकर मोडून वाटली जाई, आणि नवे वर्ष खऱ्या अर्थाने सुरू झाले असे मला वाटे.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस एका जानेवारीत सारी मंडळी अशी उभी राहिली आणि माझी थोरली बहीण बसून राहिली. ती स्त्रियांच्या बाजूला, भिंतीलगतच्या आपल्या नेहमीच्या जागी होती. डोक्यावर पदर होता, हात मांडीवर होते. ती रागावलेली दिसत नव्हती, रडतही नव्हती. एखादी प्रामाणिक व्यक्ती न आलेल्या उत्तराची जागा कोरी सोडते, तशी ती बसली होती. भाकरीचे ताट तिच्यापाशी आले तेव्हा तिने ते शेजारणीकडे सरकवले.

या बहिणीला सारे गाव अक्का म्हणे आणि मीही अक्काच म्हणत असे. आमची आई लवकर वारली. त्यानंतर मला न्हाऊ घालणे, जेवू घालणे, प्रार्थना शिकवणे हे सारे अक्काच्या वाट्याला आले. वडील शाळामास्तर होते. ख्रिस्तावर त्यांची दृढ श्रद्धा होती आणि संस्कृतवर तितकेच निस्सीम प्रेम. त्यांनी मला धुळ्याच्या एका शास्त्रीबुवांकडे नेऊन बसवले. त्या उदार गुरूंनी माझा धर्म विचारला नाही, फक्त उच्चार ऐकला. सुट्टीत घरी आलो की अक्का चुलीपुढून विचारी, "तुझं रामः रामौ झालं का? झालं असेल तर येशूचं नाव घे आणि जेवायला बस." वडील हे ऐकून मिशीतल्या मिशीत हसत. पुढे मी धुळ्यातच संस्कृतचा शिक्षक झालो. अक्का लग्नानंतरही सोनगीरलाच राहिली, कारण भाऊजी गावातलेच होते.

भाऊजींचे महामार्गालगत सायकल दुरुस्तीचे दुकान होते. चाकाला हवा भरता भरता ते गाणी रचीत. ढोलकी फार सुरेख वाजवीत. मंडळीत पुस्तकातली गीते गायली जात, परंतु घरोघरीच्या प्रार्थनेला भाऊजींची खानदेशी भजने लागत. त्यांतले एक साऱ्या आळीला ठाऊक होते. त्याचे ध्रुपद असे:

"तुना हातमा हात दिधा, आते सोडजो नको."

तुझ्या हातात हात दिला, आता सोडू नकोस, इतकाच त्याचा अर्थ. ध्रुपद सर्वांनी म्हणायचे आणि मधल्या ओळी एकटीने, असा त्या भजनाचा प्रघात पडला होता. मधल्या ओळी अक्का म्हणे.

अक्काकडे आणखी एक सेवा होती. प्रभुभोजनाची भाकर ती करी. गव्हाची जाडसर, बिनमिठाची, बिनतेलाची पोळी ती रविवारी पहाटे भाजून स्वच्छ पांढऱ्या फडक्यात गुंडाळून आणी. तवा ठेवण्यापूर्वी ती डोळे मिटून क्षणभर थांबे. मी कित्येक यज्ञांची वर्णने वाचली आहेत, पण अग्नीपुढचे शांत मन मी प्रथम पाहिले ते त्या चुलीपाशी.

आदल्या पावसाळ्यात भाऊजींना काविळीने गाठले. धुळ्याच्या दवाखान्यात त्यांना नेले, औषधोपचार झाले, मंडळीने उपास केले, अक्काने तर अन्नाला हात लावला नाही. पण भाऊजी राहिले नाहीत. अक्काने आकांत केला नाही. घरचे सारे ती पूर्वीसारखेच करीत राहिली. दुकान तिच्या पुतण्याने सांभाळले. ती उपासनेलाही येई. पण गाणे थांबले, भाकर करणे थांबले आणि जानेवारीत ती उभी राहिली नाही.

उपासनेनंतर मी तिच्या घरी गेलो. तिने पाट मांडला, पुढ्यात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा ठेवला. मी कसे विचारावे याचा विचार करीत होतो, तोच ती म्हणाली, "विचार ना. सगळ्या मंडळीनं डोळ्यांनी विचारलं, तू तोंडानं विचार."

मी विचारले.

तिने चुलीतले लाकूड मागे ओढले. "भाऊ, मागच्या जानेवारीला मी उभी राहिले होते. गोड-कडू जे देशील ते घेईन म्हणाले. त्यानं ते ऐकलं. पावसाळ्यात माणूस नेला. मीच होय म्हणून बसले होते, मग भांडू कोणाशी? आता पुन्हा होय म्हणू, तर काय राहिलंय माझ्यापाशी? पुतण्या आहे. तू आहेस." मग ठेचा वाढीत ती म्हणाली, "देवाच्या घरी मनात नसलेलं बोलू नये, हे आपल्या बाबांनीच शिकवलं. म्हणून बसले."

तिला खरोखरच वाटत होते, की तिच्या होकारानेच भाऊजींच्या मृत्यूला दार उघडले. देवावर तिचा विश्वास नव्हता असे कोण म्हणेल? उलट तो तिचा शब्द अक्षरशः ऐकतो, यावर तिचा फार विश्वास होता, आणि म्हणूनच ती त्याच्याशी बोलावयास भीत होती. मला तिच्यासाठी एकच गोष्ट हवी होती. तिने तिच्या प्रभूशी पुन्हा निर्भयपणे बोलावे. मी तिला अनेक वचने सांगू शकलो असतो, आणि ती सारी तिला पाठ होती. म्हणून मी ठेचा-भाकरी खाल्ली आणि तिने वाढली तितकी खाल्ली.

इकडे मंडळीत भाकरीची पंचाईत झाली. दुसऱ्या कोणा बाईने अक्काच्या हयातीत तिच्या तव्याचा मान घ्यावा, हे कोणालाच रुचेना. पाळकसाहेब धुळ्याला राहत आणि एस.टी.ने येत. ते येताना बेकरीतून पाव आणू लागले. पाव गर्दीत चेपून जाई. एकदा तर घाईत बेकरीवाल्याने गोड पाव बांधून दिला आणि उपासनेपूर्वी पाळकसाहेब त्यातली रंगीत टुटीफ्रुटी बोटाने वेचीत बसलेले मला दिसले. मी पाहिले हे त्यांनीही पाहिले. "गुरुजी," ते गंभीरपणे म्हणाले, "अक्कांना हे सांगू नका. त्या दयेपोटी भाकर करतील, आणि मला दयेची भाकर नको." हा मनुष्य वयाने माझ्याहून बराच लहान होता, पण त्या दिवसापासून मी त्याला मनात थोरला मानू लागलो. तो महिन्यातून एकदा अक्काकडे जेवायला जाई, स्वयंपाकाची स्तुती करी, प्रार्थना स्वतः थोडक्यात करी आणि तिला कधीही 'तुम्ही करा' असे म्हणत नसे.

मला मात्र इतका धीर नव्हता. मार्चमध्ये जळगावला एका मैदानावर दोन दिवस उज्जीवन सभा, म्हणजे मंदावलेली श्रद्धा जागवणाऱ्या सभा, भरल्या. दुरून कोणी नामांकित वक्ते येणार होते. मोठा मांडव, ध्वनिक्षेपक, वाद्यवृंद, सारा थाट होता. मी अक्काला म्हटले, चल, बस फिरून येऊ. ती म्हणाली की फिरायला म्हणून येईन. दोन्ही दिवस आम्ही गेलो. वक्त्यांची वाणी खरोखरच ओघवती होती. शेवटी त्यांनी पुढे येऊन प्रभूला जीवन वाहण्याचे आवाहन केले आणि लोक अश्रू ढाळीत पुढे जाऊ लागले. मी हळूच शेजारी पाहिले, तर अक्का जागेवर नव्हती. क्षणभर मला वाटले, तीही पुढे गेली. मग ती दिसली. मांडवाच्या तोंडाशी ती चपलांच्या ढिगाऱ्यापाशी उभी होती आणि पुढे गेलेल्या बायकांच्या चपला जोडीने लावीत होती.

परतीच्या बसमध्ये मी खिडकीबाहेर पाहत बसलो. एरंडोलच्या थांब्यावर तिने माझ्यासाठी चहा मागवला.

"रुसलास?"

मी नाही म्हटले.

"चांगला बोलला माणूस," ती म्हणाली. "बठ्ठ्यांशी, सगळ्यांशी बोलला. पण एवढ्या लोकांत माझ्याशी कसा बोलेल? आणि चपला सापडल्या नसत्या, तर परत जाताना त्या बायांचे उन्हात पाय भाजले असते." मग माझ्याकडे पाहून तिने पुस्ती जोडली, "तुझ्या चपलेचा अंगठा निघालाय. मास्तर माणूस, बरं दिसत नाही."

मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली, तसा मी नेहमीप्रमाणे सोनगीरला राहायला गेलो. ते बिबड्यांचे दिवस. खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: ज्वारी भिजवून आंबवतात, तिचे पीठ तीळ-मिरची-लसूण घालून मोठ्या भांड्यात शिजवतात आणि त्या गरम घाट्याचे पातळ पापड कापडावर थापून उन्हात वाळवतात. ते बिबडे. हे काम एकटीचे नव्हे. आळीतल्या बाया पाळीपाळीने एकमेकींकडे जातात. समोरच्या मारवाडी दुकानदाराच्या घरून मोठे पातेले येई, शेजारच्या शेतकरी घरातून जळणाला तुराट्या येत आणि उजाडण्यापूर्वी सारे धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छपरावर, चढत. आमच्या आळीत बिबडे गाण्यावर थापले जात. थापणाऱ्या बाया ध्रुपद म्हणत. ते संपले की मधली ओळ सुरू होई आणि तिच्या तालावर घाट्याची पुढची पळी कापडावर पडे. अक्काकडे बिबडे असले, की भाऊजींचे भजन ठरलेले. त्या बाया मारुतीला तेल वाहणाऱ्या, एकादशी धरणाऱ्या, पण ते भजन त्या आपल्या माहेरच्या गाण्यासारखे म्हणत. देवाचे नाव त्यात कुठे नव्हतेच, फक्त 'तू' होता. त्या 'तू'शी प्रत्येकीची आपापली ओळख होती.

त्या वर्षी अक्का बिबडे घालणार नव्हती. पण शेजारच्या नानी ऐकणाऱ्यांपैकी नव्हत्या. त्या अक्काहून थोड्या वडील, अंगाने भरदार, तोंडाने फटकळ आणि मनाने लोण्याच्या होत्या. त्यांनी परस्परच ज्वारी भिजत घातली आणि आंबूस वास सुटल्यावर सांगायला आल्या, की आता टाकून दिली तर पाप तुझ्या माथी. अशा रीतीने काम ठरले. माझ्याकडे नेहमीचे काम आले. हातात काठी घेऊन धाब्याच्या कडेला बसायचे आणि कावळे हाकायचे. नानी दरवर्षी तोच विनोद करीत, की बुजगावण्याला पुस्तक दिले की ते मास्तर होते. मी दरवर्षी हसत असे.

फटफटत होते. किल्ल्याची टेकडी हळूहळू दिसू लागली होती. ओले कापड पसरले गेले. पळी अक्काच्या हातात होती. पहिला घाटा पडला, बायांनी हाताला पाणी लावले आणि कोणी न सांगता नानींनी ध्रुपद उचलले. इतरांनी साथ दिली.

"तुना हातमा हात दिधा, आते सोडजो नको."

ते संपले. मधल्या ओळीची जागा आली. अक्काने खाली मान घालून पळी बुडवली, पण ती काही बोलली नाही. बायांनी क्षणभर वाट पाहिली आणि ध्रुपदच पुन्हा म्हटले. पुन्हा ती जागा आली. पुन्हा कोणी काही म्हटले नाही. पुन्हा ध्रुपद. हात थांबत नव्हते, घाटा निवेल म्हणून थांबताही येत नव्हते. गाणे मात्र एकाच ओळीभोवती घाण्याच्या बैलासारखे फिरू लागले. एका तरुण सुनेला हसू फुटले. तिने दुसरे गाणे सुरू करू पाहिले, तशी नानींनी तिला कोपराने ढोसले.

"अक्का," नानी हात न थांबवता म्हणाल्या, "आम्हले ध्रुपदच येस. पुढलं तुलेच येस. तू म्हन, मंग आम्ही म्हनसूत."

अक्का म्हणाली, "मले नही जमाव, नानी."

"नको जमू दे. आम्ही ध्रुपद धरी ठेवतस. बिबडा सरेस्तोवर धरसूत. घाई नही शे कोनले."

आणि त्यांनी खरोखरच ते धरून ठेवले. सूर्य उगवला. कापडावर एकेक बिबडा उमटत गेला. त्या बाया तीच ओळ कधी मोठ्याने, कधी नुसत्या गुणगुणत म्हणत राहिल्या आणि दरवेळी ती जागा अक्कासाठी मोकळी ठेवीत राहिल्या. कावळे माझ्यासमोर दोन बिबडे घेऊन गेले, ते मला कळलेही नाही. मी मनातल्या मनात प्रार्थना करू लागलो होतो. संस्कृतात नव्हे, शुद्ध मराठीतही नव्हे. ओठांवर तेच ध्रुपद होते.

पातेल्याचा तळ दिसू लागला तेव्हा त्या मोकळ्या जागेत अक्काचा आवाज आला. तो गाण्याचा आवाज नव्हता, खोकल्यानंतर माणूस बोलतो तसा होता. पण ओळ पुरी होती.

"मना हात सुटी जाई, तुना सुटनार नही."

माझा हात सुटून जाईल, तुझा सुटणार नाही. बायांनी डोळे न उचलता ध्रुपद झेलले. पुढची ओळ आली, ती सुरात होती. त्यापुढची आली, तेव्हा अक्काचे गाल भिजले होते आणि पळीचा ताल चुकत नव्हता. भजन पुरे झाले. घाटा अजून थोडा उरला होता. नानी कपाळावरचा घाम पुसून म्हणाल्या, "बरं व्हयनं. मना गळा बसाले लागना व्हता."

त्या दिवशी आणखी काही घडले नाही. बाया गरम घाट्यावर तेल घालून न्याहारी करून आपापल्या घरी गेल्या. संध्याकाळी आम्ही दोघे धाब्यावरून वाळलेले बिबडे सोडवीत बसलो असता अक्का म्हणाली, "भाऊ, मी कित्येकदा म्हटली असेन ती ओळ. ते रचत होते तेव्हा मीच शेजारी बसून तांदूळ निवडत होते. पण ती मला उद्देशून आहे, हे आज कळलं."

 ती बिबड्याची कड नखाने अलगद उचलीत होती.

"मी होय म्हणाले म्हणून त्यानं माणूस नेला, असं मी धरून बसले होते. जणू त्याचा हात माझ्या होकारावर चालतो. माझा हात तर सुटलाच होता ना? पावसाळ्यापासून सुटलाय. तरी मी पडले नाही. मग धरलं कोणी होतं इतके दिवस?" तिने बिबडा डब्यात ठेवला. "माणूस का नेला, ते मला अजून कळत नाही. ते मी त्याला विचारणार आहे. पण आता तोंड लपवून नाही, समोर बसून विचारेन."

मी पुष्कळ भाष्ये वाचली आहेत. शरणागतीचे विवेचन मी वर्गात केले आहे, मंडळीतही केले आहे. तिच्या बोलण्यावर मला काही जोडावेसे वाटले नाही. ती आपल्या देवपित्याकडे प्रश्न घेऊन परत निघाली होती. प्रश्नासह जाता येते, हे तिला उमगले होते आणि मला ते पाहायला मिळाले होते.

जूनच्या पहिल्या रविवारी पाळकसाहेब नेहमीप्रमाणे पाव घेऊन आले, तेव्हा मेजावर पांढऱ्या फडक्यातली पोळी आधीच ठेवलेली होती. त्यांनी फडके जरासे उचलून पाहिले. मग हातातला पाव माझ्याकडे दिला आणि म्हणाले, "गुरुजी, हा चहाबरोबर संपवू. आज गोड नाही, तपासून आणलाय." उपासनेत त्यांनी ती पोळी मोडली. ताट अक्कापाशी आले, तिने तुकडा घेतला. कोणी मान वळवून पाहिले नाही. पाहू नये हे मंडळीतल्या पोरांनाही कसे कळले होते, कोण जाणे.

पुढच्या जानेवारीत पुन्हा समर्पणाची उपासना आली. त्या हिवाळ्यात अक्काच्या गुडघ्यांनी फार त्रास दिला होता. पाळकसाहेबांनी शेवटचा प्रश्न विचारला, मंडळी उभी राहिली आणि सवयीने उत्तर देऊनही मोकळी झाली. तेव्हा अक्का अजून भिंतीला हात लावून उठतच होती. कोणी बसले नाही. पाळकसाहेबांनी पुस्तकाचे पान उलटले नाही. ते शांतपणे तिच्याकडे पाहत उभे राहिले आणि आम्ही सारे थांबलो. तिने पदर सावरला. पुस्तकातले उत्तर तिला तोंडपाठ होते, पण ती धाब्यावरच्या बोलीत म्हणाली.

"हा, देवा. तू धरेल शे, म्हनीसन."

होय, तू धरले आहेस म्हणून. मग तिने शेजारणीच्या खांद्याचा आधार घेतला आणि आम्ही सारे तिच्याबरोबर खाली बसलो.